साफ लाइन

ट्रान्झिस्टर देवघरापाशी गप्प राहिला, फ्रिजपाशी जरासा कुरकुरला आणि आत्तींच्या खोलीत नेल्याबरोबर कर्कश किरकिरायला लागला.

"सापडला," हे म्हणाले.

घरात लपलेला चोर मुद्देमालासकट हाती लागावा तसा चेहरा खुलला होता ह्यांचा. एका हातात तो छोटा ट्रान्झिस्टर, कुठलंच स्टेशन लागत नाही अशा जागी काटा ठेवलेला, आणि दुसऱ्या हाताची बोटं भिंतीतल्या प्लगवर. तो प्लग आत्तींच्या कानाच्या मशीनच्या चार्जरचा होता. ह्यांनी तो उपसला. ट्रान्झिस्टर गप्प झाला. पुन्हा लावला, पुन्हा किरकिर.

"बघितलंस शैला? एवढासा अडॅप्टर, आणि अख्खी लाइन घाण करून ठेवलीय त्यानं."

"मग आत्तींनी मशीन कशावर चार्ज करायचं?"

"उद्याच्यापुरतं म्हणतोय मी."

उद्या म्हणजे मागांची सुट्टी. इचलकरंजीत आमच्या घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमागांचे कारखाने. आठवडाभर त्यांचा खडखडाट कानांत आणि त्यांच्या मोटारींचे हिसके विजेत. मागांना सुट्टी असेल त्या दिवशीच लाइन साफ मिळते, म्हणून ह्यांची गाणं ऐकण्याची बैठक त्याच दिवशी सकाळी असायची. ह्यांचा धंदा सुताच्या दलालीचा, पण जीव गाण्यात. गाण्यात कसला, गाणं वाजवणाऱ्या पेट्यांत, असं मी म्हणायचे आणि हे फणकारायचे.

त्या वर्षी ह्यांनी पॉवर कंडिशनर आणला होता. नाव ऐकून मला वाटलं, खोली गार करणारं काहीतरी असेल. निघाला तो एक लोखंडी डबा, दोघांनी मिळून उचलावा इतका जड. आत मोठा ट्रान्सफॉर्मर. रस्त्यावरची वीज त्यातून गाळून निघते आणि मग अॅम्प्लिफायरला मिळते, असं हे मला समजावून सांगायचे. तरी स्पीकरमधली बारीक सूं सूं काही जाईना. सगळं घर बंद करून, श्वास रोखून बसलं तरच ऐकू येणारी. मला तर श्वास रोखूनही आली नाही. ह्यांचं मात्र तिनं जेवणावरचं लक्ष उडवलं होतं.

आता तिचं मूळ सापडलं. बैठकीच्या खोलीसाठी कंडिशनरमधून वेगळी लाइन ओढली तेव्हा वायरमननं वाटेत सोयीचं पडतं म्हणून आत्तींच्या उशाजवळचा बोर्डही तिच्यावरच घेतला होता. आणि त्या बोर्डात बाजारातून आणलेला स्वस्त अडॅप्टर. पूर्वीचे अडॅप्टर जड असत, पण गुपचूप काम करत, हे सांगायला लागले. हे नवे हलके असतात, कारण ते आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, आणि त्या चालू-बंदीचा सगळा केर परत वायरीत सोडतात.

"मग तुमचा एवढा मोठा डबा काय करतो?" मी म्हटलं.

"तो बाहेरून येणारी घाण अडवतो. त्याच्या मागं, घरातच कुणी घाण करत बसलं तर त्यानं काय करायचं?"

घरातच घाण करणारं ते कुणीतरी म्हणजे ह्यांची आई. सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात. हौसाबाई त्यांचं नाव. उभं आयुष्य त्यांनी मागाच्या खोलीत सुताच्या कांड्या भरल्या, त्या खडखडाटात मुलाला शिकवलं, आणि त्या खडखडाटानं त्यांचे कान खाल्ले. कितीतरी वर्षं आम्ही, आता शिकायला बाहेरगावी असलेला माझा लेकसुद्धा, त्यांच्याशी ओरडून बोलत होतो. मग मशीन घेतलं आणि त्यांना पुन्हा माणसांत आल्यासारखं झालं. मशीन जुनं झालं तसं ते भराभर उतरायचं. रात्रभर चार्जरच्या डबीत चार्ज झालं तरच दुपार गाठायचं.

ह्यांनी तो ट्रान्झिस्टर घरभर फिरवला, त्याच दिवशी दुपारी विट्याहून फोन आला होता. आत्तींच्या भावाचा मुलगा बोलत होता. "तात्या उद्या तुमच्याकडं यायचं म्हणतायत. आत्याला भेटायचंय म्हणतात."

मी ते सांगितलं तेव्हा आत्ती तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि दोनदा विचारलं, "सोताहून म्हनला?"

आत्ती आणि हा भाऊ, तात्या, एकमेकांशी बोलत नव्हते त्याला माझ्या लग्नाइतकीच वर्षं झाली होती. मी नवी नवरी होते तेव्हा आत्तींची आई शेवटच्या दुखण्यात आमच्याकडे होती. ती काही खात नसे. आत्ती पेज घेऊन तिच्यापुढे तास तास बसत, गाणी म्हणत, रडत, आणि म्हातारी दात आवळून भिंतीकडे बघत राही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हातारी गेली, आणि तेराव्याच्या पंगतीत तात्या उठून उभा राहिला आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "हौसानं माझ्या आईला उपाशी मारलं." वाढणाऱ्यांचे हात थांबले होते. त्या दिवसापासून आत्तींनी माहेरचा उंबरा पाहिला नाही. हळदीकुंकवाला गेलं तरी त्यांना वाटायचं, बायका तेच मनात घेऊन बसल्यात. त्यांना दुसरं काही नको होतं. शेतातला वाटा नको, साडीचोळी नको. ज्या तोंडानं भाऊ ते बोलला त्या तोंडानं तो चुकला म्हणायला हवा होता.

म्हणून मी ह्यांना म्हटलं, "उद्याची बैठक पुढं ढकला."

"इंगवले वकील कोल्हापूरहून यायलेत. कंडिशनर ऐकायलाच यायलेत."

"मामा इतक्या वर्षांनी यायलेत."

"मग येऊ देत की. माझ्याकडं थोडेच यायलेत? आईकडं यायलेत. दोघं बाहेर सोप्यात बसतील, आम्ही आत दार लावून. त्यांचा आम्हाला त्रास नाही, आमचा त्यांना नाही."

"आणि चार्जर?"

"रात्री लावू दे तिला. सकाळी मी काढतो."

इथं माझं समाधान झालं. आत्तींनी माझ्यासमोर मशीन डबीत ठेवलं, डबीचा दिवा लागला का ते बघितलं आणि त्या झोपल्या.

सकाळी त्यांनी इरकली लुगडं नेसलं. केस दोनदा विंचरले. मशीन कानांत घालून मला म्हणाल्या, "काहीतरी बोल बघू." मी म्हटलं, "आज देखण्या दिसताय." त्या हसल्या आणि सोप्यातल्या बाकावर जाऊन बसल्या.

इंगवले वकील आणि आणखी दोघं आले. ह्यांनी सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले, बंद केले आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यात टाकले. फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, मिक्सर लावायचा नाही म्हणून मला बजावलं. मग आत जाऊन दार लावलं. त्या दाराला ह्यांनी आतून गादी मारून घेतली होती. घर एकदम सुतक असल्यासारखं झालं.

तात्या रिक्षातून उतरला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. पंगतीत उठून गरजलेला तो दांडगा माणूस आणि हा खांदे पडलेला म्हातारा एकच, हे पटायला वेळ लागला. त्यानं चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, टोपी काढून हातात घेतली आणि आत्तींच्या समोर खुर्चीवर टेकला.

"बरी हायस का हौसे?"

"बरी हाय. तू वाळलास की रं."

"वय झालं."

"वैनी कशी हाय?"

तो हातातल्या टोपीची घडी घालत राहिला. मी पाणी दिलं आणि आत आले. मुद्दामच आले. इतक्या वर्षांची गाठ सुटायची असेल तर मध्ये सुनेनं कशाला उभं राहायचं? आत्तींना ऐकू येत होतं, नीट उत्तरं देत होत्या. मी चहाचं आधण ठेवलं. घर इतकं शांत होतं की सोप्यातला शब्द न् शब्द मला ओट्यापाशी ऐकू येत होता.

"हौसे, मी बोलतो ते ऐकून घे," तात्या म्हणाला. "मधी बोलू नगंस. मला पुन्यांदा जमायचं न्हाई."

आणि मग खालच्या आवाजात तो बोलायला लागला.

"तुजी वैनी दिवाळीपास्नं हातरुनावर हाय. खात न्हाई. पेज तोंडापाशी न्हेली की दात आवळती. मी पाया पडतो, रागावतो. येकदा तर गाल दाबून पेज घातली, तर माज्या अंगावर थुकली. शेजारनी कुजबुजत्यात, म्हातारा बायकूला उपाशी मारतोय. माज्या कानांनी ऐकलं मी."

त्यानं नाक ओढलं.

"तवा मला आई दिसली. आन तू दिसलीस, वाटी घिऊन बसलेली. आई उपाशी मेली न्हाई हौसे. तिनंच तोंड मिटलं हुतं. आन मी समद्या भावकीत उठून तुज्यावर ते घातलं. माजं चुकलं. लई चुकलं. मनातनं काढून टाक असं मी म्हनत न्हाई, तेवढं माजं तोंड न्हाई. फकस्त ऐकलं म्हन. बास."

माझे डोळे भरून आले होते. मी गॅस बारीक केला, कपांचा आवाज नको म्हणून हात ओट्यावर तसेच ठेवले आणि आत्तींच्या शब्दाची वाट बघत राहिले. शब्द आला नाही. मला वाटलं, आत्ती हिशेब चुकता करतायत. करू देत, मी मनात म्हटलं, इतकी वर्षं जळल्यात, त्यालाही थोडं बसू दे तसंच.

मग खुर्ची सरकली. "बरं," एवढं तात्या म्हणाला. मी चहा गाळून बाहेर येईपर्यंत रिक्षा सुरू झाली होती. त्यानं ती थांबवूनच ठेवली होती.

आत्ती बाकावर तशाच बसल्या होत्या, हात मांडीत, नजर दाराकडे. मला बघताच त्यांनी हातानं जवळ बोलावलं.

"काय म्हनला गं त्यो?"

मी चहा खाली ठेवला.

"वैनी कशी हाय इचारलं आन टुंटुं वाजून दोन्ही बी गेली," कानांकडे बोट करत त्या म्हणाल्या. "व्हटावरनं तरी कळंल म्हटलं, तर त्यो खाली मान घालून बोलतुया. सांग की. काय म्हनला?"

"मग थांब म्हणायचं नाही का आत्ती?" मी ओरडून, खुणा करून विचारलं.

"तेचं तोंड कसं उघडलंय ते दिसत हुतं मला. मी थांब म्हटलं असतं तर मिटलं असतं. माजा भाऊ हाय, मला ठावं हाय. तू आत हायस, तू ऐकशील म्हटलं."

मी त्यांच्या खोलीत धावले. डबी उशाशी होती आणि तिचा प्लग बोर्डाखाली लोंबत होता. आत्तींचा डोळा लागल्यावर हे येऊन काढून गेले होते. अॅम्प्लिफायर आदल्या दिवसापासूनच तापत ठेवलेला, आणि त्यातली ती सूं सूं ह्यांना सोसेना म्हणून. हे मला नंतर ह्यांनीच सांगितलं, काही विशेष केलंय असं न वाटता.

मी बैठकीचं दार ढकललं. आत चौघं डोळे मिटून बसले होते, रेकॉर्डवर एक बाई आलाप घेत होती. "मोटारसायकल काढा, मामांना अडवायचंय," मी म्हटलं. ह्यांनी डोळे न उघडता तळहात वर केला. रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत थांब, असा त्याचा अर्थ. ती बाजू संपायला अजून बराच अवकाश होता. मी सोप्यात आले, मीटरच्या पेटीचं झाकण उघडलं आणि मेन खाली पाडला.

आतून ठप्प असा आवाज आला आणि मागोमाग हे बाहेर आले.

"असा मेन पाडतात का? स्पीकर फाटले असते."

"मामा बोलून गेले आणि आत्तींना काही ऐकू आलं नाही. चार्जर तुम्ही काढला होता. स्टँडवर जा, त्यांना परत आणा."

हे गेले, नाही म्हणत नाही मी. पण आधी आत जाऊन रेकॉर्डवरची सुई उचलून ठेवली, वकिलांची माफी मागितली आणि मग गेले. विट्याची एसटी सुटली होती.

दुपारी मशीन चार्ज झाल्यावर मी आत्तींजवळ बसले आणि सगळं सांगितलं. पेज, दात आवळणं, शेजारणी, भावकी, सगळं, त्याच्याच शब्दांत. त्या माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या.

"चुकलं म्हनला?"

"दोनदा म्हणाले."

"तात्या?"

"हो आत्ती. फक्त ऐकलं म्हण, म्हणाले."

त्यांनी लगेच विट्याला फोन लावायला सांगितला. भाचा म्हणाला, तात्या फोनवर येत नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी गेल्याचा निरोप आला आणि आम्ही तिघं भेटायला गेलो. इतक्या वर्षांनी आत्तींनी तो उंबरा ओलांडला. कानांत मशीन होतं, पदरात चार्जरची डबीसुद्धा बांधून घेतली होती. तात्या माणसांत बसला होता. त्याची नजर आत्तींवर आली आणि बाजूला गेली.

"तात्या," आत्ती सगळ्यांदेखत म्हणाल्या, "त्या दिशी माजं मशीन बंद पडलं हुतं. तू काय बोललास ते मला ऐकू आलंच न्हाई."

तात्यानं त्यांच्या कानांकडे बघितलं. मी पुढे होऊन म्हटलं, "खरंच मामा, मशीन उतरलं होतं." त्यानं माझ्याकडेही बघितलं. उत्तर टाळलेल्या माणसांनी नंतर येऊन सबब सांगावी, तसंच आमचं बोलणं त्याला वाटलं असणार.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "जेवून जावा."

वर्षाच्या आत तोही गेला.

त्यानंतर आत्तींचं मन फिरायला लागलं. आधी त्या पुन्हा पुन्हा ऐकायच्या. "काय म्हनला सांग," म्हणायच्या आणि मी सांगायचे. मग मध्येच थांबवून विचारायला लागल्या, "थुकली म्हनला? सोताच्या बायकूबद्दल, असं?" मग एके दिवशी म्हणाल्या, "शैला, खरं सांग."

मी ह्यांना एकटं गाठलं. "तुम्ही सांगा आत्तींना, की मामांचं बोलणं तुम्हीही ऐकलंत. दारातनं ऐकू आलं म्हणा. दोघांनी सांगितलं तर त्यांना पटेल."

"पण मी ऐकलं नाही."

"माहीत आहे मला. तरी म्हणा."

"जे माझ्या कानांनी ऐकलं नाही ते ऐकलं कसं म्हणू शैला? आमच्या बैठकीत सुद्धा हेच आहे. वायर बदलून फरक कळला तर कळला म्हणायचं, नाहीतर नाही. दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून डोलायचं नाही."

"ही तुमची बैठक नाही. आई आहे तुमची."

"म्हणूनच खोटं सांगणार नाही."

मला त्या माणसाचा इतका संताप आयुष्यात दुसऱ्यांदा आला नाही. लबाड असता तर बरा, असं वाटलं. त्या दिवशी गादी मारलेल्या दारामागे बसून त्यांनी कुठल्या तरी बाईचा श्वास ऐकला असणार, आणि त्याच घरात चार पावलांवर त्यांच्या आईच्या जन्माचं गाऱ्हाणं मिटत होतं ते नाही ऐकलं. आणि वर हा खरेपणा.

पुढे ह्यांनी वायरमनला बोलावून तो बोर्ड कंडिशनरच्या लाइनवरून काढला आणि घरच्या जुन्या लाइनवर घेतला. दुपारच्या चहाच्या आत काम संपलं. मला हाताला धरून आत नेलं, चार्जर लावला, स्पीकरला कान लावायला सांगितलं. "बघ, आता दोन्ही एकदम चालू ठेवता येतं. काहीच सूं सूं नाही." मी म्हटलं, "मला आधीही ऐकू येत नव्हती." आत्तींनी तोवर मशीन घालणंच सोडलं होतं. काय ऐकायचं राहिलंय, म्हणायच्या.

त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी एकदा स्वतःहून विषय काढला. त्यांच्या कानात मशीन बसवलं, दोन्ही हात हातांत घेतले आणि पुन्हा सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता, तात्यासारखंच थांबत थांबत. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग माझ्या हातावर थोपटायला लागल्या.

"तू लई गुनाची हायस. माज्या जिवाला बरं वाटावं म्हून एवढं जुळवलंस, आन येवढी वर्सं सांगत ऱ्हायलीस. पन माजा भाऊ चुकलं म्हननारा न्हवं गं."

"आत्ती, देवाशपथ सांगते, ते म्हणाले. माझ्या लेकराची शपथ..."

त्यांनी हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला.

"नगं बाई," त्या म्हणाल्या. "माज्यापायी लेकराची खोटी शपथ घिऊ नगंस."